आट्याचं काम हातानं: गावच्या लेथला एक हँडल

उजनीच्या फुगवट्याकाठी ज्यांचे पंप आहेत त्यांना एप्रिल-मे कसा जातो, हे मी सांगायला नको. पाणी रोज थोडं मागं सरकतं, पाइप वाढवावे लागतात, मोटार उचलून पुढं न्यावी लागते. वीज ठरल्या वेळेलाच येणार. अशात पंपाचा शाफ्ट गेला की माणसाचं जेवणावरून मन उडतं.

असाच एक शेतकरी इंदापूर तालुक्यातून माझ्याकडे आला. मी कृषी खात्याचा माणूस, कृषी पदविका झालेला. मी टर्नर नाही. पण खत, बियाणं, ठिबक आणि अनुदान यांच्या जोडीनं पंपाचं गाऱ्हाणंही आमच्याच टेबलावर येतं. त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला शाफ्ट होता. म्हणाला, "साहेब, दीड एकर लागण उभी वाळतीया. ह्याचं काय करू ते सांगा."

पंप कपलिंगनं मोटारीला जोडलेला, साधा. इंपेलर आवळणारा नट ढिला होऊन शाफ्टच्या टोकाचे आटे झडले होते. त्यानं शाफ्ट एका वर्कशॉपात नेला. त्यांनी टोकावर वेल्डिंग भरलं, कातलं आणि नवा आटा पाडायला घेतला. शेवटच्या एका कटात टूल पुढं गेलं आणि जिथं शाफ्ट जाड होतो त्या पायरीवर जाऊन आदळलं. टूल तुटलं, पायरी फुटली, शाफ्ट वाकला. वर्कशॉपवाला मुद्दाम करणार नव्हताच. पण उसाला पाणी नाही ते नाहीच.

हे कशामुळं होतं, हा हिशेब एकदा बघा. तुमचा पैसा आणि तुमचं पाणी त्यात अडकलेलं असतं.

लेथवर आटा पाडताना जॉब एक फेरा फिरला की टूल बरोबर एका आट्याइतकं पुढं सरकतं. वीस मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक आट्याला ही सरक २.५ मिलिमीटर. गावच्या लेथवर आटा पाडताना अगदी हळू गती ठेवली, मिनिटाला साठ फेरे, तरी सेकंदाला एक फेरा होतो. म्हणजे सेकंदाला टूल २.५ मिलिमीटर चाललं. पायरीच्या अलीकडे नेमकं थांबायचं, टूल मागं ओढायचं आणि मोटार बंद करायची, हे सगळं एका डोळ्यानं आणि दोन हातांनी. एक सेकंद हात चुकला की अख्खा आटा पुढं. शिवाय स्विच बंद केला म्हणून चक जागच्या जागी थांबत नाही, थोडा फिरतोच.

मग पायरीच्या अलीकडेच थांबावं, असं कुणी म्हणेल. तसं केलं तर आटा अपुरा राहतो. नट इंपेलरला टेकायच्या आधीच अडकतो. मग दोन वॉशर घालून भागवतात, आणि तो नट महिन्याभरात पुन्हा ढिला होतो. दुसरा उपाय म्हणजे पायरीजवळ आधी खोल खाच काढून ठेवायची, टूलनं त्यात येऊन थांबायचं. जाड शाफ्टला हे चालतं. बारीक शाफ्टला मात्र नेमकी तिथंच कमजोरी येते. तिसरा उपायही आहे. टूल उलटं बांधून, लेथ उलटा फिरवून, पायरीपासून बाहेरच्या बाजूला आटा पाडत यायचं. चांगले टर्नर हे करतात. पण ज्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यानं बसवलेला आहे, तिथं उलट्या फिरण्यात चकच सुटायची भीती असते.

आता मुद्द्यावर येतो. बारामती तालुक्यात एका जुन्या मिस्त्रींच्या शेडमध्ये मी त्या शेतकऱ्याला घेऊन गेलो. लेथ जुनाच, पट्ट्यावर चालणारा. खुंटीवर एक वाकडं हँडल टांगलेलं दिसलं. मला वाटलं, जुन्या डिझेल इंजिनाचं असेल. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी पहाटे विहिरीवर इंजिनाला हँडल मारलेलंच असणार. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाचं नाही साहेब, लेथचं आहे. शेवटाला अडणारा आटा मी मोटारीवर करीत नाही. हातानं करतो."

त्यात नवल काही नाही. विजेच्या मोटारी यायच्या कितीतरी आधीपासून लेथ माणसाच्या हातापायानंच फिरत होते. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची अवजड यंत्रं घडतात. तिथल्या कामाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे भिगवण रस्त्याला, निमगाव केतकीला, वडगाव निंबाळकरला जे एक-दोन लेथचे शेड असतात, तिथं पंप, कडबा कुट्टी, ट्रॉली, पेरणी यंत्र यांचे एकेक सुटे जॉब येतात. सुट्या जॉबाला वेगापेक्षा हात महत्त्वाचा.

आता हे हँडल कसं बनवायचं ते सांगतो. गावात लेथ असलेल्या प्रत्येकाला ते एका दिवसात होईल. बहुतेक माल भंगाराच्या ढिगातच मिळतो.

लेथच्या स्पिंडलला आरपार भोक असतं, हे तुम्ही पाहिलं असेल. लांब गज त्यातूनच घालतात. त्या भोकाचं डावीकडचं तोंड, म्हणजे गिअरच्या झाकणाकडचं, एरवी मोकळंच असतं. हँडल तिथं बसवायचं. वेल्डिंग करायचं नाही, स्पिंडलला भोक पाडायचं नाही, की त्याच्या आट्याला हात लावायचा नाही. आतून फुगून घट्ट बसेल असा एक गोल तुकडा करायचा.

भोकाचं माप व्हर्नियरनं घ्या. प्रत्येक लेथचं वेगळं असतं, शेजारच्याचं माप घेऊन चालत नाही. तोंडाशी चिघळलेलं असेल तर थोडं आत मोजा. मग साध्या लोखंडाचा गोल गज घेऊन भोकापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटरनं बारीक कातायचा, हातानं सरकेल इतका. आत जाणारी लांबी साठ-सत्तर मिलिमीटर पुरते. बाहेर राहणाऱ्या टोकाला जाड कॉलर ठेवायची, म्हणजे तुकडा भोकात बुडत नाही आणि हँडलची पट्टी वेल्ड करायला जागा मिळते. मधून बारा मिलिमीटरचा बोल्ट आरामात जाईल असं आरपार भोक.

आता आतल्या टोकाचं तोंड निमुळतं कातायचं, नरसाळ्यासारखं. प्रत्येक बाजूला दहा अंश कोन ठेवा. त्यात बसणारी पाचर, म्हणजे निमुळता गोल तुकडा, त्याच कोनात कातायची. इथं मिस्त्रींनी एक युक्ती दाखवली. कंपाउंड स्लाइडचा कोन एकदा लावला की तोंड आणि पाचर दोन्ही होईपर्यंत तो हलवायचा नाही. पाचरीची जाड बाजू टेलस्टॉककडे ठेवून कातली की त्याच कोनात ती तोंडाला जुळते. कोन साडेदहा आहे की साडेनऊ, याचा मग विचारच नको. कोन फार कमी मात्र ठेवू नका. पाचर आत इतकी घट्ट रुतते की काढायला घण लागतो.

पाचरीच्या मधोमध बारा मिलिमीटरचा टॅप मारायचा. मग गोल तुकड्याला आतल्या टोकाकडून करवतीनं चार चिरा द्यायच्या, चाळीस-पन्नास मिलिमीटर खोल. चिरा द्यायच्या आधी, त्या जिथं संपणार तिथं चार मिलिमीटरची भोकं पाडून घ्या, नाहीतर पुढं तिथूनच तडा जातो. पाचरीला एक छोटी पिन बसवून ती एका चिरेत राहील असं करा, म्हणजे बोल्ट आवळताना पाचर फिरत नाही. बाहेरून बोल्ट आवळला की पाचर तोंडात ओढली जाते, चिरा फाकतात आणि तुकडा स्पिंडलला आतून धरतो. काढताना बोल्ट दोन फेरे सैल करायचा आणि डोक्यावर लाकडी हातोडीनं एक टोला द्यायचा. पाचर आत सरकते आणि हँडल हातात येतं.

राहिली पट्टी. ४० बाय १० ची, मध्यापासून मुठीपर्यंत १८० ते २०० मिलिमीटर. वेल्ड करण्याआधी गिअरचं झाकण, भिंत, स्टँड यांना कुठं लागत नाही ना, हे पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. मुठीला वीस मिलिमीटरचा गज आणि त्यावर सैल फिरणारा पाइपचा तुकडा, नाहीतर तळहाताला फोड येतील. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला थोडं वजन लावलं तर हँडल आपोआप खाली लोंबत नाही. मिस्त्रींनी जुन्या फ्लायव्हीलचा तुकडा लावला होता. बैलगाडीचं ओझं पुढं-मागं सारखं करतात, तसंच हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिनाचं हँडल उलटं मारतं म्हणून आपण अंगठा वेगळा ठेवायचो. हे हँडल उलटं मारत नाही. पण हँडल लावलेलं असताना कुणी मोटार चालू केली तर ती दोनशे मिलिमीटरची पट्टी मिनिटाला शंभर-दोनशे फेऱ्यांनी फिरेल, आणि पुढं ज्याचा हात असेल त्याचा हात गेला. म्हणून मेन स्विच बंद करून भागत नाही. पट्टा उतरवायचा. बॅक गिअर बाजूला घ्यायचा आणि बुल गिअरची पिन बाहेर ओढायची. तसं केल्याशिवाय स्पिंडल हातानं हलकं फिरतही नाही. गिअर हेडचा लेथ असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि सप्लाय तोडायचा.

मिस्त्रींची आणखी एक सोय मला फार आवडली. मेन स्विचच्या पेटीला कुलूप आहे आणि त्या कुलपाची एकुलती एक किल्ली हँडलला आखूड साखळीनं बांधलेली आहे. हँडल लावायच्या आधी पेटीला कुलूप पडतं. हँडल स्पिंडलमध्ये असलं की किल्ली पेटीपर्यंत पोचतच नाही. वीज गेली आहे म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. आपल्याकडे वीज जाताना सांगत नाही, येताना तर मुळीच सांगत नाही.

हँडल लावल्यावर आटा कसा पाडायचा, हे टर्नर मंडळींना माहीत आहे. तरी दोन गोष्टी लिहितो. पुष्कळ जुन्या लेथचा लीड स्क्रू इंची असतो आणि आपल्याला आटा हवा असतो मेट्रिक. अशा वेळी हाफ नट एकदा लावला की काम संपेपर्यंत उघडायचा नाही. प्रत्येक कटानंतर टूल आधी बाहेर ओढायचं, मग हँडल उलटं फिरवून मागं यायचं, सुरुवातीच्या जागेच्याही थोडं मागं, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो. टूल बाहेर न काढता मागं फिरवलं तर केलेला आटा खरवडला गेलाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट थांबायच्या जागेची. हातानं फिरवताना पायरीच्या अलीकडे पाव फेऱ्यावर येऊन थांबता येतं, डोकं वाकवून बघता येतं, पुन्हा थोडं पुढं जाता येतं. चकवर खडूची खूण करा. दर कटाला खूण त्याच जागी आली की थांबा. लहान लेथवर एकटा माणूस डावा हात हँडलवर आणि उजवा क्रॉस स्लाइडवर ठेवून काम करतो. लेथ मोठा असेल तर दोघं लागतात, आणि मग "थांब" आणि "मागं" हे दोनच शब्द ठरवून घ्यायचे. त्या वेळी दुसऱ्या गप्पा नकोत.

किती फेरे लागतात, हे विचाराल. पंचवीस मिलिमीटर लांबीच्या, २.५ मिलिमीटरच्या आट्याला मागच्या-पुढच्या थोड्या जागेसह बारा फेरे जायला आणि बारा यायला. आट्याची खोली दीड मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीला जाड, शेवटी अगदी पातळ असे पंधरा-सोळा कट. गोळाबेरीज साधारण चारशे फेरे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. जोर फारसा लागत नाही, पट्टी लांब असल्यामुळे कट पातळ असला की दोन-तीन किलो उचलण्याइतका. लांबलचक आट्याला, म्हणजे ट्रॉलीच्या जॅकचा स्क्रू वगैरे, हे हँडल वापरू नका. तिथं मोटारच बरी. पण पायरीला जाऊन अडणारा आखूड आटा, किंवा तळ बंद असलेल्या भोकातला आतला आटा, जिथं टूल दिसतही नाही, तिथं हातच पाहिजे.

हाताचा आणखी एक गुण मोटारीत नाही. वेल्डिंग भरलेल्या शाफ्टमध्ये मधेच एखादी जागा कडक असते. मोटारीला ते कळत नाही, ती टूल रेटते आणि टोक उडतं. हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटाला ती जागा लगेच कळते. म्हणून वेल्डिंग भरलेला शाफ्ट पाण्यात बुडवून थंड करू देऊ नका. राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू निवू द्या, कडकपणा कमी येतो.

आता तुमच्या बाजूचं काम. टर्नरकडे जाताना शाफ्ट एकटा नेऊ नका. नट न्या, इंपेलर न्या, जमलं तर वॉशरसुद्धा न्या. कारण आट्यात फसगत फार होते. वीस मिलिमीटरचा मेट्रिक आटा आणि पाऊण इंची व्हिटवर्थ आटा डोळ्याला सारखेच दिसतात. पहिल्याची सरक २.५ मिलिमीटर, दुसऱ्याची इंचाला दहा आटे, म्हणजे २.५४. पहिल्याचा कोन साठ अंश, दुसऱ्याचा पंचावन्न. मेट्रिक नट पाऊण इंची आट्यावर फिरतोही. मात्र तो ढिला बसतो, आणि पंपावर लोड आला की आटे झडतात. जुन्या पंपांत इंची आटा असतो, बाजारात हाताला येणारा नट मेट्रिक असतो. त्या शेतकऱ्याच्या शाफ्टची सुरुवातीची गोष्ट हीच होती. नट बदलला होता, आटा जुनाच होता. पंप कोणत्या दिशेनं फिरतो, हेही सांगा. इंपेलरचा नट चालताना आवळला गेला पाहिजे, सुटता कामा नये, आणि त्यावर आटा उजवा की डावा हे ठरतं.

ग्रामपंचायतींचे सरपंच आणि अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना एक सांगायचं आहे. नळपाणी योजनेच्या पंपाच्या शाफ्टचं, नटाचं आणि कपलिंगचं माप एका वहीत लिहून पंपघरात ठेवा. आटा मेट्रिक की इंची, सरक किती, उजवा की डावा, बस एवढंच. उन्हाळ्यात पंप बंद पडल्यावर अर्धा दिवस हे शोधण्यातच जातो आणि बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ज्या गटांनी अवजार बँक काढली आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या लेथवाल्याला हे हँडल करून घ्यायला सांगावं, माल गटानं द्यावा. आयटीआयमधून टर्नर होऊन आलेली मुलं आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांना हे एकदा दाखवलं की पुरे. पोरांना मोटारीचा वेग आवडतो, हा भाग वेगळा.

त्या दिवशी मिस्त्रींनी वाकलेल्या शाफ्टवर वेळ घालवला नाही. नव्या गजातून शाफ्ट कातला, तो मोटारीवरच. इंपेलरची जागा, चावीची खाच सगळं झालं. मग पट्टा उतरवला, पेटीला कुलूप लावलं, हँडल बसवून बोल्ट आवळला आणि शेतकऱ्याला म्हणाले, "या तात्या, फिरवा. तुमचाच शाफ्ट आहे." तात्या सुरुवातीला घाबरत फिरवत होते. सात-आठ कटांनंतर हात बसला. "थांब" म्हटलं की पायरीपासून आट्याच्या अर्ध्या अंतरावर टूल उभं. मधे एकदा वीज गेली, शेडमधला पंखा थांबला. काम चालूच राहिलं, दारातल्या उजेडात.

जुना नट लावून बघितला तर तो मेट्रिक, आणि मिस्त्रींनी आटा इंपेलरच्या जुन्या मापानं इंची पाडलेला. इंची नट शेडमध्ये नव्हता. षटकोनी गजाचा तुकडा कापून मिस्त्रींनी तोही तिथंच केला. संध्याकाळी सात वाजता शाफ्ट घेऊन तात्या मोटारसायकलवर निघाले. रात्री अकराची वीज होती.